परसातली माती उघडी असू द्या

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पाऊस सुरू झाल्यापासून आपल्या दैनिकाच्या पहिल्या पानावर पावसाचे जे चित्र रोज येते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. वाळपईत पावसाने इंचांचे शतक केव्हा गाठले, कुठल्या वळणावर झाड आडवे झाले, चोर्ला घाटात वाहने किती वेळ अडकली, हे वाचकाला कळायलाच हवे, आणि आपले बातमीदार भिजत जाऊन ते कळवतात याची आम्हाला जाणीव आहे. तथापि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत बहुतेक गोवेकर ना घाटात असतात ना धबधब्यावर. ते आपापल्या घरी असतात, आणि घरी असलेल्या माणसाच्या वाट्याला येणाऱ्या पावसाविषयी वर्तमानपत्रांतून जवळपास काहीच छापून येत नाही. पुरवण्यांतून येते ते पर्यटनाच्या अंगाने, म्हणजे हा ‘ऑफ सीझन’ कसा खपवावा या चिंतेने. म्हणून हे पत्र. ते लांबले आहे. कात्री लावायचीच झाली तर कृपया पेव्हर ब्लॉकविषयीचा भाग राखून लावावी, कारण माझे मुख्य सांगणे तेच आहे. घराभोवतीची दहा-वीस पावलांची माती आपण दर मे महिन्यात थोडी थोडी सिमेंटखाली घालत चाललो आहोत, आणि तिच्याबरोबर पावसाळ्यातले घरचे फूल आणि घरची भाजी ही दोन्ही जात आहेत.

आपल्याकडच्या जुन्या घराचे अंगण मुळात वर्षभराचे नव्हतेच. पाऊस ओसरला की माती कुदळायची, पाणी मारून पेटण्याने बडवायची, शेणाने सारवून खळे तयार करायचे आणि मग तुळशीचे लग्न, भाताची मळणी, मिरच्यांचे वाळवण, मुलीच्या लग्नाचा मांडव, सगळे त्या खळ्यात पार पाडायचे, अशी ती रीत होती. मृग लागला की खळ्याचे काम संपत असे. मग त्याच जागेत काकडीची, दोडक्याची, भेंड्यांची आळी होत, मांडवाच्या खांबांवर वेल चढत, आणि पायवाटेपुरते चार चिरे सोडले तर बाकी सारे हिरवे होऊन जाई. अंगण आठ महिने माणसांचे आणि चार महिने झाडांचे, हा करार कुणी कागदावर लिहिला नव्हता, पण तो पिढ्यानपिढ्या पाळला गेला. आता आपण बारा महिन्यांचे अंगण मागतो, आणि ते विकत मिळते.

मे महिना हा त्या धंद्याचा हंगाम आहे. ‘पावसाच्या आधी करून घ्या’ असे सांगत कंत्राटदार दारोदार फिरतात, टेम्पोतून लाल आणि करडे ब्लॉक उतरतात, खाली काँक्रीटचा थर पडतो, सांधे सिमेंटने बुजवले जातात, आणि आठवडाभरात तुळशीवृंदावनाच्या पायथ्यापासून विहिरीच्या कठड्यापर्यंत मातीचा मागमूस उरत नाही. आमच्या वाड्यावर आता उघडे परस असलेली घरे बोटांवर मोजता येतील. ज्यांनी हे काम करून घेतले त्यांना मी नावे ठेवत नाही. दोन गाड्या उभ्या करायच्या असतात, वृद्ध माणसे चिखलात घसरतात, गवत वाढले की किरडवांची (सापांची) भीती असते, आणि माटोव (मांडव) घालायला आता माणूस मिळत नाही. ही सगळी कारणे खरी आहेत. माझा आक्षेप इतकाच आहे, की ज्या कामाला एक वाट आणि गाडीच्या चाकांपुरते दोन पट्टे पुरले असते, त्यासाठी आपण अख्खे परस देऊन टाकतो.

परस दिल्यावर नक्की काय जाते, हे पाऊस संततधार लागला की कळते. रेड अलर्ट जाहीर होऊन शाळांना सुट्टी मिळाली, मुले घरात अडकली, बाहेर पागोळ्यांची भिंत उभी राहिली, वीज गेली आणि भाजीच्या गाड्यावर कोबीखेरीज काही नाही, असा एखादा दिवस प्रत्येक घराच्या वाट्याला दर पावसाळ्यात येतो. आपली भाजी मोठ्या प्रमाणात बेळगावहून येते. घाटात दरड कोसळली की दुसऱ्या दिवशी इथल्या ताटात त्याची खबर लागते. मासळीचेही तसेच. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, आणि ती संपते न संपते तोच श्रावण दारात येतो. पूर्वीच्या बायकांनी याची तजवीज मेमध्येच केलेली असे. सोलां (आमसुले), चिंच, खारे (सुकी मासळी), मिठात घातलेली तोरां (कैऱ्या), उकडे तांदूळ, सुक्या मिरच्या हे पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीचे, सामान डब्या-बरण्यांत भरलेले असे आणि मडगावच्या पुरुमेंताच्या फेस्ताला अजूनही त्यासाठीच गर्दी होते. परंतु पुरुमेंत हा निम्मा स्वयंपाक होता. उरलेला निम्मा परसातून येत असे. बरणी अजून भरली जाते, परस मात्र गेले, म्हणून मुसळधार पावसात आपण मोबाइलवर पिझ्झा मागवतो आणि तो आणणाऱ्या पोराला भिजवतो.

अशा दिवशी माझ्या स्वयंपाकघरात काय शिजते ते सांगते, म्हणजे मी कशाविषयी बोलते आहे ते स्पष्ट होईल. पहिल्या पावसानंतर कुंपणाच्या कडेला तायकिळा (टाकळा) आपोआप उगवतो. त्याला कुणी पेरावे लागत नाही आणि कुणी पाणी घालावे लागत नाही. त्याची पाने तिन्हीसांजेला मिटतात, म्हणून तो सकाळीच खुडावा, आणि शेंड्याची कोवळी पानेच घ्यावीत, कारण फुलावर आलेल्या तायकिळ्याचा पाला राठ होतो. पावसाच्या माऱ्याने पानांच्या पाठीला लाल माती चिकटलेली असते. ती तीन-चार पाण्यांतून गेल्याशिवाय भाजीला कचकच राहते. मेमध्ये लाल मातीत घोळवून ठेवलेल्या फणसाच्या बिया धुऊन, ठेचून आधी शिजवून घ्यायच्या, हिरवी मिरची आणि ठेचलेल्या लसणीवर पाला परतायचा, बिया मिसळायच्या आणि उतरवताना ओले खोबरे सढळ हाताने घालायचे. श्रावण असला तर लसूण वगळायची. या भाजीला किंचित कडसरपणा असतो आणि मुले पहिल्या दिवशी तोंड वाकडे करतात. पण उकड्या तांदळाच्या गरम पेजेबरोबर, बाजूला चेपणीतले तोर असले की, ती दुसऱ्यांदा वाढावी लागते. अर्थात आमच्या सासूबाईंच्या मते मी खोबरे कमीच घालते.

आता भोपळ्याचे पाहा. भोपळ्याचा वेल पावसात कुठेही पसरतो आणि भरपूर फुलतो, पण त्यातली बहुतेक फुले नर असतात. लांब, बारीक देठावर उभे राहते ते नर फूल. मादी फुलाच्या खाली सुपारीएवढा भोपळा आधीच धरलेला दिसतो. सकाळी मधमाश्यांचे काम आटोपल्यावर नर फुले खुडायची, परागीकरणासाठी चार-दोन वेलावर ठेवायची, आत मुंगी किंवा किडा दडलेला नाही ना ते पाहायचे, मधला केसराचा दांडा काढून टाकायचा, कारण तो कडवट लागतो, आणि बेसनात थोडे तांदळाचे पीठ, हळद, तिखट, मीठ घालून केलेल्या पिठात बुडवून तळायची. पाकळ्या तेलात पडताच आक्रसतात आणि कडेला जाळी धरते. मुलांना भजी म्हणजे कांद्याची किंवा बटाट्याची एवढेच माहीत असते. वेलावरचे पिवळे फूल ताटात आले, की जेवणाआधीच त्यांचे प्रश्न सुरू होतात. सुट्टीच्या दिवशी घरात अडकलेल्या मुलाला नर-मादी फुलांचा धडा यापेक्षा सोप्या रीतीने शिकवता येईल असे मला वाटत नाही. त्याच्या जोडीला कुळथाची पिठी, तीत दोन सोलां. वीज नसली तर वाटप रगड्यावर होते आणि जेवायला अर्धा तास उशीर होतो, एवढेच.

अळवाविषयी मात्र नव्या सुनांना सावध करायला हवे. ओहोळाच्या काठी किंवा न्हाणीच्या पाण्यावर वाढणारा प्रत्येक अळू खाण्याचा नसतो, आणि खाण्याच्या अळवातही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यामुळे घसा खवखवतो. आंबाडे, चिंच किंवा सोलां घालून तो भरपूर शिजवावा, ही जुन्या बायकांची ताकीद निव्वळ चवीसाठी नव्हती. ओळखीचा कंद ओळखीच्या घरातून आणून आपल्या परसात लावला, की हा धोका उरत नाही. रस्त्याकडेच्या गटारात वाढलेले अळू तोडून आणण्याची वेळ ज्यांच्यावर येते, ती बहुधा स्वतःच्या दारात माती न राहिल्यामुळेच.

फुलांकडे वळते. बाजारात झेंडू आणि शेवंती बारमाही मिळतात, तीही बहुतांशी घाटावरून येतात. पण पावसाळ्याची म्हणून जी फुले आहेत, ती गाड्यावर क्वचितच दिसतात, कारण ती प्रवासाला टिकत नाहीत. अनंताचे फूल सकाळी दुधासारखे पांढरे असते आणि दुसऱ्या दिवशी पिवळे पडते. त्याला बर्फाच्या पेटीत घालून आणणारा व्यापारी कुठून मिळणार? सोनटक्का संध्याकाळी उमलतो आणि त्याच्या पाकळ्या बोट लागले तरी डागाळतात. त्याचा गड्डा पागोळ्या पडतात त्या ओळीत लावावा, जिथे दुसरे कुठलेही झाड कुजून जाईल. त्याला पाणी जितके जास्त तितके चालते. ऊन-पावसाच्या एखाद्या झिम्म्यानंतर पावसाळी लिलीच्या गुलाबी कळ्या मातीतून अचानक वर येतात. तेरडा, गुलबक्षी, कर्दळ, जास्वंद, तगर यांना तर कुणी लाड करायला नको. पावसाने जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूणही बराच धुऊन निघतो. फक्त रात्री बॅटरी घेऊन गोगलगाई वेचाव्या लागतात, आणि ते काम मुले हौसेने करतात.

अबोलीविषयी थोडे अधिक लिहिण्याची परवानगी द्यावी. गोव्याची बाई आणि अबोलीची फाती (गजरा) यांचे नाते मी सांगण्याची गरज नाही. पण ही फुले येतात त्या झुडपाची एक गंमत मातीत वाढलेल्या झाडापाशी बसल्याशिवाय कळत नाही. फुले खुडून संपल्यावर जी हिरवी कणसे उरतात, ती उन्हाळ्यात वाळून तपकिरी होतात आणि तशीच थांबून राहतात. पहिल्या सरीचे पाणी त्यांच्यावर पडले, की काही वेळाने त्यातल्या शेंगा टिकटिक आवाज करत फुटतात आणि बिया हातभर, कधी त्याहून लांब उडतात. वसरीवर बसलेल्या माणसाला तो आवाज पावसाच्या आवाजातूनही वेगळा ऐकू येतो. बी ओल्या मातीला चिकटून बसते आणि काही दिवसांत मूळ झाडाभोवती रोपांचे रान माजते. त्यातली धट्टीकट्टी उचलून ओळीत लावायची आणि उरलेली शेजाऱ्यांना द्यायची. अबोलीची कांडीही पावसात सहज जगते, फक्त बुडाशी पाणी तुंबता कामा नये, कारण मग मुळे कुजतात. हे सगळे चक्र पाऊस, वाळलेली शेंग आणि उघडी माती या तिघांवर चालते. खाली पेव्हर असला तर शेंग फुटतेच, बी उडतेच, आणि दुसऱ्या दिवशी झाडूने गटारात जाते.

‘मग कुंड्यांत लावा की’ असे मला अनेकांनी सुचवले आहे. कुंडीत लावावेच, ज्यांना सदनिकेत राहावे लागते त्यांनी तर जरूर लावावे. परंतु जमीन असताना ती झाकून वर कुंड्या मांडणे हा कारभार मला अजब वाटतो. गोव्याच्या पावसात कुंडीतली माती धुपून जाते, भोक बुजले की रोप दोन दिवसांत पिवळे पडते, आणि कुंडीखालच्या ताटलीत जे स्वच्छ पाणी साचते, त्यात डेंग्यू पसरवणारे डास अंडी घालतात. मोकळ्या जमिनीत पाणी साचत नाही, जिरते. रोपवाटिकांतून महागडी शोभेची झाडे आणून गेटच्या दोन्ही बाजूंना मांडण्याची जी टूम निघाली आहे, तिच्याविषयी तर न बोललेलेच बरे. ज्याला वास नाही, जे देवाला चालत नाही आणि जे ताटातही येत नाही, असल्या झाडाच्या पानांवर साचलेली धूळ पुसण्यात कुणाचा तरी रविवार जातो.

गोव्याच्या पावसाळ्यातले सण पाहिले, तर ते परसाशिवाय होऊच शकत नाहीत असे लक्षात येते. २४ जूनच्या सांजांवाला, म्हणजे संत जॉनच्या ख्रिस्ती सणाला, तरुण मुले डोक्यावर जी कोपेलें (मुकुट) घालून विहिरीत उड्या मारतात, ती पानाफुलांची असतात. आता मधूनच प्लास्टिकच्या फुलांची कोपेलेंही दिसू लागली आहेत. श्रावणातल्या आयतारपूजनाला (रविवारच्या पूजेला) पत्री लागते. नागपंचमीच्या पातोळ्यांना हळदीची पाने लागतात, आणि १५ ऑगस्टच्या सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, फेस्ताला आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरीही पातोळ्याच शिजतात, म्हणजे एकाच कुंपणाच्या दोन्ही बाजूंना काही दिवसांच्या अंतराने तीच पाने हवी असतात. भिजवलेल्या तांदळाचे घट्ट वाटप पानावर बोटांनी पातळ सारवायचे, मधोमध माडाच्या गुळात शिजवलेला नारळाचा चव पसरायचा, पान शिरेवर दुमडायचे आणि वाफेवर ठेवायचे. झाकण काढल्यावर जो वास येतो तो सगळा पानाचा असतो, पिठाचा नव्हे. बाजारात ही पाने जुडीने मिळतात, पण सकाळी तोडलेली जुडी दुपारपर्यंत मलूल होते, तिच्या कडा फाटतात आणि पातोळी तिथेच फुटते. मे अखेरीस किंवा पहिल्या पावसाला हळकुंडाचे डोळे असलेले चार तुकडे विहिरीच्या बाजूला पुरले, तर श्रावणात दोन घरांना पुरून उरतील इतकी पाने मिळतात आणि पुढे पाने वाळली की खाली हळदही मिळते. दीडेक चौरस मीटर जागेचा हा हिशेब आहे.

चतुर्थीच्या माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचा, प्रश्न याहून गंभीर आहे. माटोळीत रानातली फळे-फुले बांधायची ही आपली जुनी प्रथा, आणि कवंडळासारखी काही रानातूनच येणार हे मान्य. पण काकडी, दोडके, चिबूड, भोपळा, तोरिंग, आंबाडे, सुपारीचा कात्रा, केळीचा घड, हे सगळे एके काळी घरच्या परसातले आणि कुळागरातले (पोफळीच्या बागेतले) असे. रानात जावे लागे ते उरलेल्या पाच-सात जिनसांसाठी. आज सगळेच माटोळीच्या बाजारातून येते, आणि बाजारात ते आणणारी माणसे एकाच वेळी एकाच डोंगरावर तुटून पडतात, वेल मुळापासून ओढतात, फळ पिकण्याआधी तोडतात. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा घेते, त्यात किती प्रकारचे जिन्नस बांधले याचे कौतुक होते. त्यातले किती जिन्नस आपल्या हाताने लावलेले होते, यालाही गुण ठेवावेत अशी माझी सूचना आहे. सात शिरांच्या भेंड्यांना भौगोलिक मानांकन मिळाले म्हणून आपण सगळ्यांनी आनंद व्यक्त केला. हा पावसाळी भेंडा परसात उंच वाढतो आणि चतुर्थीच्या सुमारास हाताशी येतो, पण ज्या वाड्यावर त्याचे बी जपणारी शेवटची बाई गेली, तिथे मानांकनाचा कागद कुठल्या मातीत पेरायचा?

आता पाण्याचा हिशेब. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे १०० चौरस मीटरच्या अंगणावर वर्षभरात सुमारे ३ लाख लिटर पाणी कोसळते. १०,००० लिटरचा टँकर धरला तर तीस टँकर. उघड्या अंगणात हे सगळेच पाणी जिरते असे नाही, काही वाहून जाते, काही झाडे घेतात, काही वाफ होऊन जाते. पण आपली जांभ्याची जमीन सच्छिद्र आहे, आणि तिच्यावर पालापाचोळा व झाडांची मुळे असली की बराच भाग खाली उतरतो आणि विहिरीला लागतो. काँक्रीटच्या थरावर बसवलेल्या आणि सांधे बुजवलेल्या ब्लॉकवरून मात्र तो जवळपास सगळाच्या सगळा रस्त्यावर जातो. मग जुलैमध्ये वाड्यावरचा रस्ता ओहोळ होतो म्हणून आपण पंचायतीला गटार रुंद करायला सांगतो, आणि एप्रिल-मेमध्ये विहीर तळ दाखवते म्हणून टँकरसाठी फोन करतो. दोन्ही तक्रारींचे मूळ आपल्याच दारात असते, हे दोन्ही वेळा आपल्या लक्षात येत नाही.

आमच्या तालुक्यातील माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात आषाढ शुद्ध द्वादशीला चिखलकाला होतो. अंगाला तेल चोपडून माणसे चिखलात खेळतात, आणि अलीकडे सरकारही त्या उत्सवाची जाहिरात करते, पर्यटक येतात, छायाचित्रे निघतात. हा उत्सव मला प्रिय आहे. पण तो पाहून घरी परतणारे आम्ही बहुतेक जण पायाला लागलेला चिखल नळाखाली धुऊन पेव्हरच्या अंगणात शिरतो, ही विसंगती दरवर्षी डोळ्यांत भरते. देवळांच्या आवारांचीही तीच गत होत आहे. पिंपळाच्या पाराभोवती फरशी घातली जाते, तगर आणि अनंत काढून टाकले जातात, आणि मग देवाला वाहायची फुले घाटावरून येतात. ज्या समित्या हे करतात त्यांचा हेतू स्वच्छतेचाच असतो, पण पूजेला फूल लागते एवढे तरी त्यांनी ध्यानात घ्यावे.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. ज्यांच्या घरी आधीच ब्लॉक बसले आहेत, त्यांनी ते सगळे उखडावेत असे मी म्हणत नाही. विहिरीभोवतीची, वृंदावनाभोवतीची आणि पागोळ्यांखालची एक-एक ओळ काढली, तरी सोनटक्का, हळद आणि अबोली यांची सोय होते. ज्यांना नवे काम करायचे आहे त्यांनी चालायला चिऱ्यांची वाट करावी, गाडीला खडीचे दोन पट्टे द्यावेत आणि बाकी जमीन सोडावी. शेवाळाने घसरायला होते म्हणाल, तर ते ब्लॉकवरही तितकेच धरते. पंचायतींनी शाळा, वाचनालये आणि स्वतःच्या कार्यालयांची आवारे सरसकट झाकणे थांबवून सुरुवात करावी. भाज्यांच्या बियाण्यासाठी विभागीय कृषी कार्यालयात विचारता येते. फुलांच्या कांड्या तर शेजारी मागितल्या की मिळतात आणि त्या मागण्यात कुणी कमीपणा मानत नाही.

आणि आपल्याकडे एक विनंती. पुढच्या वर्षी मेच्या मध्यापासून चतुर्थीपर्यंत, दर रविवारी, हवामानाच्या चौकटीशेजारी चार बोटे जागा परसासाठी द्यावी. त्या आठवड्यात काय लावायचे, काय खुडायचे आणि खुडलेले कसे शिजवायचे, एवढाच मजकूर असावा, आणि तो तज्ज्ञांकडून लिहून न घेता पेडणे ते काणकोण इथल्या वाचक बायकांकडून मागवावा. सत्तरीतल्या घरात जी भाजी पहिल्या पावसात शिजते ती सासष्टीत माहीत नसते, आणि सासष्टीतली रीत आम्हाला माहीत नाही. ज्या स्त्रिया हे सांगू शकतात त्यांपैकी बऱ्याच जणी आता वयस्क झाल्या आहेत, त्यांच्याकडून सुना-नातवंडांनी लिहून घेऊन पाठवले तरी चालेल.

यंदा हळदीला उशीर झाला आहे. तरी अबोलीची कांडी, अळवाचा कंद आणि सोनटक्क्याचा गड्डा आषाढ संपेपर्यंत लावता येतो, आणि ज्यांनी पावसानंतरच्या कामासाठी पेव्हरवाल्याला आगाऊ रक्कम देऊन ठेवली असेल, त्यांना ती परत मिळाली नाही तरी विहिरीकडची बाजू वगळून मोजमाप घ्यायला त्याला आजही सांगता येईल.

आपली विश्वासू,
एक वाचक
फोंडा तालुका, गोवा